जांभळाचा वास

शेवटच्या चढाला तो मागे पडला, पण तोंड बंद नव्हतं. "म्हातारे, माझ्यासाठी थांबलीस तर याद राख!" नाशकात थंडी पडली की पहिल्या रविवारी दोघं नवरा-बायको धरणापर्यंत धावत यायची आणि कठड्यावर बसून सॅकमधली लाल वाइन उघडायची. वीस वर्षांची चैन होती ती.

यंदा घशाच्या कॅन्सरवरच्या रेडिएशनने त्याची चव मेली होती. डॉक्टर म्हणाले, चव आली तर जेवेल, जेवला तर जगेल. "आली गं सगळी परत," असं तो दिवाळीपासून सांगत होता. ताट मात्र अर्धं उरायचं.

तिने घोट घेतला. निव्वळ व्हिनेगर! इस्पितळाच्या धावपळीत तिनेच बाटली उन्हाळाभर फ्रिजवर उभी ठेवली, बूच सुकलं, वाइन आंबली. आणि आंबट वाइन दिली म्हणून हॉटेलवाल्यांशी भांडणारा हा माणूस मिटक्या मारत होता. "झकास! जांभळाचा वास बघ. ओत अजून."

थोबाडीत द्यावीशी वाटली तिला. उरलेली बाटली तिने आपल्याच ग्लासात उपडी केली.

"हावरट कुठली!" तो हसला.

ती तोंड वाकडं न करता पीत राहिली.