तबेल्याची जागा

"घरच्यांच्या रांगेत तुला जागा नाही," हातमोजे चढवता चढवता लेडी वेनेशिया म्हणाल्या.

हेस्टर दालनाच्या दारातच उभी होती. आत ये असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. बाहेर पटांगणात तोफगाडा उभा होता आणि त्यावर झेंड्याखालच्या शवपेटीत तिचा नवरा होता, मेजर ऑबरी. बोअर युद्धावरून तो ताप घेऊन परतला आणि पुन्हा उठलाच नाही. अर्लसाहेबांचा हा धाकटा मुलगा. बापाच्याच तबेल्यातल्या मोतद्दाराच्या मुलीशी त्याने लग्न केलं, तेव्हापासून बापाच्या लेखी तो मेलेलाच होता. आता खरोखर मेल्यावर मात्र अख्खं घराणं गोळा झालं होतं. दोन ड्यूक, एक बिशप, आणि पणजोबांच्या पुण्याईवर जगणारे बरेच चुलते.

"मी त्यांची बायको आहे," हेस्टर म्हणाली.

"ते आम्हाला माहीत आहे, म्हणून तर पंचाईत," ऑबरीच्या या आत्याबाई म्हणाल्या. "सगळं यॉर्कशायर लोटलंय बाहेर. कोण म्हणून चालवायचं तुला आमच्यात?"

अर्लसाहेब खिडकीपाशी उभे होते. त्यांनी मान वळवली नाही. "यायचंच असेल तर तबेल्याच्या माणसाच्या जागी चाल. तीच तुझी जागा."

तापाच्या ग्लानीत ऑबरी म्हणाला होता, "हे लोक तुला मागे ढकलतील, हेस्टर. ढकलू देऊ नकोस." तिने त्याला शब्द दिला होता. आता तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता.

"हा हुकूम समजू का, सरकार?"

"हुकूमच समज."

"मग तो मी मोडणार नाही."

ती तडक तबेल्यात गेली. तिच्या म्हाताऱ्या बापाने टँकर्डवर खोगीर चढवलं होतं. ऑबरीचा लाडका घोडा. रिकिबीत ऑबरीचे बूट उलटे अडकवले होते, टाचा पुढे. अधिकारी गेला की त्याचा घोडा असा रिकामा चालवतात.

"लगाम द्या, बाबा."

"अगं, खानदानी बायका घोडा धरत नाहीत."

"मी कुठली खानदानी? आत्ताच सांगितलंय त्यांनी."

म्हाताऱ्याने बाहीने डोळे पुसले आणि लगाम तिच्या हातात दिला.

नगारा वाजला. तोफगाडा हलला. हेस्टरने टँकर्डला पेटीमागे आणलं आणि चालू लागली. घरची मंडळी पुढे सरसावली आणि जागीच थबकली.

"बाजूला करा तिला," आत्याबाई दातओठ खात म्हणाल्या.

अंत्ययात्रेची रांग लावणारा सार्जंट पलटणीत केस पांढरे केलेला माणूस होता. "ते कसं जमेल, बाईसाहेब?" तो म्हणाला. "पेटीला लागून घोडा आणि घोडा धरणारा. त्यांच्यामागे घरचे. अर्लसाहेबांचे वडील गेले तेव्हाही असंच होतं."

अर्लसाहेबांनी तोंड उघडलं, पण हुकूम त्यांचाच होता.

हेस्टरने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दोन ड्यूक, एक बिशप आणि खुद्द अर्लसाहेब, सगळे टेकडीवरच्या चर्चपर्यंत टँकर्डच्या शेपटीमागून चालत गेले.