चिडीचूप सर

"तिन्ही वेळा, सर," चौकशी अधिकारी म्हणाली. "कंपनी विकली जाणार ही बातमी जाहीर व्हायच्या आधी त्याच एका खात्यातून तिचे शेअर घेतले गेले. आणि अशा विक्रीला मंजुरी देणाऱ्या समितीत तिन्ही प्रकरणं माहीत असलेले तुम्ही एकटेच."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोरची मुलगी बारा वर्षांपूर्वी त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. कंपनी कायदा आणि शेअर बाजाराचे नियम तिला त्यांनीच शिकवले होते.

"खातं कुणाचं?"

"दलालाकडून नाव सोमवारी येईल. तोवर आठवून बघा, कुणाजवळ काही बोललात का."

"बोललो? मी? तुम्ही पोरं मला काय म्हणायचात, सांग बरं."

ती ओशाळली. "चिडीचूप सर."

दर वर्षी पहिल्या तासाला ते एकच गोष्ट बजावत. बातमी तोंडातून फुटते, तेव्हा तोंड बंद ठेवा. स्वतःही त्यांनी ते तीस वर्षं पाळलं होतं. समितीपुढे एखादी कंपनी आली की तिच्याबद्दल बरावाईट एक शब्द ते बाहेर काढत नसत. आणि आता निवृत्तीला चार महिने उरलेले असताना न केलेल्या गुन्ह्यासाठी नावाला काळिमा लागणार होता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी कपाटाचं कुलूप बदललं. कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. टायपिस्टला खोदून खोदून विचारलं, तर ती रडायलाच लागली. वीस वर्षं चहा आणून देणाऱ्या शिपायाकडे असं रोखून पाहिलं की तो बिचारा ट्रे ठेवून उलट्या पावली निघून गेला. हाती काहीच लागलं नाही.

घरी तर फक्त आत्या. वय एक्क्याऐंशी, कानाने अधू. समितीचा फोन आला की प्राध्यापक तरीही गच्चीवर जाऊन बोलत.

"आत्या, तू माझे कागद कधी चाळलेस का?"

"तुझे कागद? अरे, चार ओळींत डोळा लागतो माझा."

विचारल्याची त्यांनाच लाज वाटली. आईमागे हिनेच त्यांना वाढवलं होतं. गेल्या महिन्यात तिने कानाचं नवं, महागडं यंत्र घेतलं, तेही स्वतःच्या पैशांनी. आपल्याला साधं विचारायचंही सुचलं नाही, याची त्यांना अजून टोचणी होती.

दिवसभरात त्यांना मन मोकळं करायला एकच जागा होती, ती म्हणजे सकाळचा चहा. आत्या शब्दकोड्यासाठी पेन्सिल घेऊन बसायची आणि आधी त्यांना बाजाराचं पान मोठ्याने वाचून दाखवायची. एकेका कंपनीचं नाव आलं की प्राध्यापक तिची सालं काढत. हिचे संचालक लबाड, तिचा ताळेबंद म्हणजे निव्वळ धूळफेक. समितीपुढच्या कंपनीचं नाव आलं तर तेवढ्यापुरते मात्र ते चहा ढवळत बसत. आत्या पुढची बातमी वाचायची.

सोमवार उजाडला. प्राध्यापकांच्या खिशात राजीनामा होता. अकरा वाजता चौकशी, त्यानंतर कुणाला तोंड दाखवणार? रात्रभर त्यांनी टायपिस्टला, शिपायाला, समितीतल्या तिघांना, सगळ्यांना मनातल्या मनात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून पाहिलं होतं. आता चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

आत्याने चहा ठेवला आणि पान उघडलं. पहिली कंपनी सिमेंटची. प्राध्यापक गप्प. मग औषधांची, मग मोटारींची. ते कपात चमचा फिरवत राहिले. एरवी या मोटारवाल्यांवर त्यांनी दहा मिनिटं तोंडसुख घेतलं असतं.

आत्याने अख्खं पान संपवलं. पेन्सिल ओठांशी धरून ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने कानातलं यंत्र नीट बसवलं.

"अरे, आज एकीलाही शिव्या घातल्या नाहीस," ती गोंधळून म्हणाली. "मग आज मी शेअर घेऊ तरी कुणाचे? सगळ्यांचेच?"