एकमताचा ठराव

मलकपेठचा मसाल्याचा कारखाना बंद करण्याचा ठराव बरकतपुऱ्याच्या कार्यालयात एकमताने संमत होत आला होता. तिथे मिरच्या निवडणाऱ्या साऱ्या बायका घरी बसणार होत्या. तरीही चर्चा चहा निवण्यापूर्वीच आटोपली.

"विरोधात कोणी?" अध्यक्षा यमुनाक्कांनी विचारले आणि डावीकडे पाहिले. पूर्वी तिथून जुन्या संचालिका विठाबाईंचे खाकरणे ऐकू येई, आणि मागोमाग, "नक्को, अक्का. जरा थांबा." विठाबाईंना जाऊन वर्ष होत आले होते. तरी प्रत्येक बैठकीत या प्रश्नानंतरची शांतता अक्कांच्या अंगावर येई.

"सही करा, अक्का," पुतण्या अभिजीत हसत म्हणाला. "का विठाबाईंच्या भुताची वाट पाहताय? जिवंतपणी एक ठराव सुखाने होऊ दिला नाही त्यांनी."

अक्कांनी पेनाला टोपण लावले. "दीक्षा, यापुढे प्रत्येक ठरावाला तू विरोध करायचास. आजच्यापासूनच."

मंडळातली सर्वांत लहान संचालिका गोंधळली. "पण अक्का, मला हा ठराव पटलाय."

"जाण्यापूर्वी विठाबाई मला सांगून गेल्या," अक्का म्हणाल्या, "त्यांनाही बहुतेक ठराव पटलेलेच असत."