चिप गेली कुठं?

नवीन विंडोज टाकायचं म्हणून आमच्या लेकीनं, सीमानं घरचा कॉम्प्युटर तपासला, तर पडद्यावर आलं, 'सुरक्षेची चिप सापडत नाही.'

माझ्या डोक्यात एकच नाव आलं. फैयाज! तीन वर्षांपूर्वी त्याच्याच दुकानातून कॉम्प्युटर घेतला, त्यानंच येऊन जोडला. दुसऱ्या कुणी तो उघडलेलासुद्धा नाही. शनिशिंगणापुरातलं आमचं घर, चौकटीला दार नाही, तरी आजवर घरातला चमचा हलला नाही. आणि हा पठ्ठ्या सरळ चिप घेऊन गेला?

फोन करून बोलावून घेतला. खुर्ची ओढून त्याला खेटून बसलो आणि त्याच्या हातांवरून नजर हटवली नाही.

"आमच्या गावात चोरी पचत न्हाई बरं का, फैयाज."

त्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडलाही नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, सेटिंगमध्ये जाऊन एक बटण दाबलं. चिप सापडली.

 

"घेताना तुमीच म्हनला हुता ना काका, आमच्या घरात कुलूप-बिलूप चालत न्हाई, आत तसलं काय असंल तर बंद करून दे?"