कडब्याच्या तीन गाड्या

लढाईच्या काळात माण तालुक्याकडं पाऊस फिरकला नाही, तेव्हा सरकारनं म्हसवडला गुरांची छावणी काढली. छावणीसाठी कडबा पारखून घ्यायचं काम लालासाहेब कारकुनाकडं होतं. एक दिवस वडूजहून त्याचे सासरे आकारामदादा तीन गाड्या भरून कडबा घेऊन आले. लालासाहेबानं पहिली पेंढी सोडली. वरचा कडबा पिवळाधमक होता, आतला कुजून काळा पडला होता.

"मामा, गाड्या माघारी न्या."

"जावईबापू, रांगंतली माणसं बघत्यात."

"बघू द्या. ह्यो खाल्ला तर गुरं दगावतील."

सासरे गाड्या वळवून निघून गेले. बायकोचं माहेर आपल्या हातानं तुटलं, हे लालासाहेबाला रात्रंदिवस टोचत राहिलं.

पाचव्या दिवशी त्याच गाड्या पुन्हा आल्या. या खेपेचा कडबा कोरडा, सकस होता, घरच्या बैलांसाठी राखून ठेवलेला. तरी नेमाप्रमाणं लालासाहेबानं प्रत्येक गाडीतल्या पेंढ्या सोडून बघितल्याच. आकारामदादा सोडलेल्या पेंढ्या पुन्हा बांधत होते. मग रांगेतल्या मागच्या गाडीवानाला म्हणाले, "पोरगी चांगल्या घरात दिली, हे मला त्या दिवशी कळलं गड्या."