ओवीत जागा

जातं थांबलं तसा ओसरीवरून लिंगराज म्हणाला, "अक्का, थांबू नका. आणखी एक म्हणा की."

आत अनसाबाई हसली. त्या हसण्यानं मायाप्पा घोंगड्यात टक्क जागा झाला. आपली बायको भल्या पहाटे हसते, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

हा लिंगराज म्हणजे गुलबर्ग्याचा चित्रं शिकवणारा मास्तर. दसऱ्याच्या सुट्टीत पाठीला पिशवी बांधून डोंगरातली गावं पायी बघत निघालेला. कशाला, तर हौस! काल दिवस मावळता, पायाला फोड घेऊन लंगडत दारात आला.

"कुणाकडं आलाव?" मायाप्पानं विचारलं होतं.

"कुणाकडंच नाही."

"मग काय काम काढलं?"

"काम नाही. नुसता चालायलोय."

मायाप्पाला हे काही पटलं नाही. रजाकारांची धामधूम सरून चार वर्षं झाली तरी अनोळखी माणूस दिसला की लोक आधी कडी घालत. पण तेवढ्यात अनसाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. पाणी दिलं की पाव्हणा झाला, मग बोलायचं काय?

आत जातं पुन्हा फिरायला लागलं.

"निंबर्ग्याच्या वाटंला, सये, धुरळा कशाचा उडाला,
बंधू माझा सावळा, त्यानं खोंड नवा गाडीला जोडला."

मग आईची झाली. जनवाड्याला दिलेल्या लेकीची झाली. माहेरच्या विहिरीची झाली. अहो, गेल्या साली मेलेल्या बैलाची सुद्धा झाली! लग्न झाल्यापासून ह्याच घरघरीवर मायाप्पाला गाढ झोप लागायची, ओवी कधी कानात शिरलीच नव्हती. आज ऐकतो तर काय, सगळं गणगोत हजर आणि घरधनी तेवढा गायब! तो मेव्हणा तर सालातून एकदा यायचा, जेवून ढेकर द्यायचा, वर टोपलंभर शेंगा घेऊन जायचा. ओव्या त्याच्या. बैलही मायाप्पाचाच होता, पण ओवी मिळाली ती बैलाला.

न्याहारीला भाकरी मोडता मोडता त्यानं विषय काढलाच. "माझी कामून न्हाई?"

"काय तुमची?"

"ओवी."

अनसाबाईनं तोंडाला पदर लावला. "आता गं बया! नवऱ्याची कोण म्हणतंय? जे डोळ्याम्होरं न्हाई, त्याची ओवी असती. तुमी तर रोज उठून हितंच हाव."

लिंगराजला हसू आवरेना. मायाप्पाला भाकरी गोड लागली नाही.

फोडांपायी पाव्हण्याचा मुक्काम एक दिवस वाढला. अनसाबाईनं त्याच्या पायाला हळद लावायला दिली, रात्री दूध दिलं. मायाप्पानं तेही सोसलं. पण दुसऱ्या पहाटे जात्यावर काय निघावं?

"डोंगराच्या वाटंला, सये, पाव्हण्याचं पाय पोळलं,
बंधू मानिला वाटंचा, त्याला दूध म्हशीचं गाळलं."

मायाप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन रात्रींचा पाव्हणा! अजून ओसरीवर घोरायलाय, डोळ्याम्होरंच हाय, तरी ओवीत जाऊन बसला! आणि आपण? आपण जन्मभर हिच्या जात्याला जोंधळे पुरवायचे.

उजाडताच त्यानं काठी उचलली. "चला मास्तर, तुमाला डोंगर पार करून देतो."

"तुम्ही कशाला त्रास घेता? वाट सरळ आहे म्हणं."

"वाट सरळ असंल, माणसं सरळ नसत्यात," मायाप्पा म्हणाला. मग आत तोंड करून मोठ्यानं ओरडला, "मी आज येत न्हाई गं! उद्या ईन!"

"बरं," आतून आवाज आला. नुसतं बरं!

चढावर मायाप्पा पुढं, मास्तर लंगडत मागं. मास्तर प्रत्येक वळणावर थांबायचा, खालची शेतं बघायचा, "काय सुंदर आहे हो!" म्हणायचा. मायाप्पा मागं वळून एवढंच बघायचा की आपलं घर अजून दिसतंय का. खिंडीत पोचल्यावर ते दिसेनासं झालं, तेव्हा कुठं त्याला बरं वाटलं. झालो एकदाचा डोळ्याआड.

पुढच्या गावात जगदेवप्पाच्या घरी दोघं उतरले. मायाप्पाला धड झोप आली नाही. पहाटे त्या घरातलंही जातं सुरू झालं. जगदेवप्पाची बायको कुणा भाच्याची ओवी म्हणत होती, आणि जगदेवप्पा खुशाल घोरत होता. मायाप्पाला त्याची कीव आली. एवढ्यात आपल्याकडंही दळण सुरू झालं असंल, त्याच्या मनात आलं, आणि तो अंधारातच गालात हसला.

मास्तराला वाटेला लावून तो उड्या मारत डोंगर उतरला. पण सरळ घरात शिरून बायकोला विचारणार कसं? तो शेजारच्या नागूबाईच्या दारात उभा राहिला. म्हातारीची आणि त्यांची भिंत एकच, इकडचं शिंकणंही तिकडं ऐकू जायचं.

"नागूबाई, आज पहाटं आमच्या घरातली ओवी ऐकलीस का? कुणाची म्हणली?"

"कशाची ओवी अन् कशाचं काय!" नागूबाई म्हणाली. "जातं गपगार. मला वाटलं, पोरगी आजारी पडली का काय, म्हणून बघाया गेले. तर बसलीया चुलीपशी. कालची भाकर बी टोपल्यात तशीच. म्या म्हणलं, 'कामून गं, आज दळायचं न्हाई व्हय?' तर म्हणती, 'त्येच घरी न्हाईत मावशी, दळू कुणासाठी?'"