मैत्रिणीचा फॉर्म

ती जर्मनच्या पहिल्या परीक्षेचा सराव करत होती. नवऱ्याने तपासलेला कागद तिच्यापुढे सरकवला. "अगं, फॉर्म मैत्रिणीचा भरायचाय. प्रश्नात तिची माहिती दिलीय. तू स्वतःचंच नाव लिहून बसलीस. एवढंही कळत नाही?" तिने पेन आपटलं. "लग्न झाल्यापासून तुझा पासपोर्ट, मुलांची शाळा, आईंचं पेन्शन, सगळ्यांचे फॉर्म मीच भरले. तुझ्या परदेशातल्या बदलीसाठी माझी नोकरी सोडली. वाटलं, परीक्षेत तरी फॉर्म माझा असेल." तिने दुसरा एक कागद त्याच्यापुढे सरकवला. "आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा फॉर्म उद्या द्यायचाय," ती म्हणाली, "तो तू भर." त्याने मुकाट्याने फॉर्म ओढला, नाव लिहिलं आणि तिथेच अडला. "आईची जन्मतारीख काय गं?" तिने आपला सरावाचा कागद पुन्हा पुढे ओढला. आतल्या खोलीतून सासूबाईंनीच तारीख ओरडून सांगितली आणि विचारलं, "नाव तरी बरोबर लिहिलंस ना रे?"